वकट ते क्लिपर

विटीदांडूत विटी जिथे जाऊन पडते, तिथून गलीपर्यंत दांडूने अंतर मोजत यायचे असते. आमच्या साताऱ्याच्या गल्लीत ही मोजणी ‘एक, दोन, तीन’ अशी कधीच होत नसे. ‘वकट, लेंड, मूंड, नाल...’ अशी ती चाले आणि ज्या शब्दावर मोजणी संपेल त्या शब्दाचा टोला मारावा लागे. मूंड आला तर विटी मुठीवर, आर आला तर डोळ्यावर आणि वकट आला तर पावलावर. हे शब्द म्हणजे तेलुगू आकडे आहेत हे मला पुष्कळ वर्षांनी कळले : ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. मराठी मुलांच्या पिढ्यान्‌पिढ्या अंगणात तेलुगूतून मोजत होत्या आणि त्याचा त्यांना पत्ता नव्हता. गावोगावी उच्चार बदलतात, विटी ठेवण्याच्या जागाही बदलतात. आमच्याकडे मात्र वकट म्हणजे पाऊल हे पक्के होते.

वकट दिसतो तितका सोपा नाही. बोटांच्या मुळाशी, चवड्याच्या वरच्या बाजूला विटी आडवी ठेवायची. बोटे किंचित वर उचलायची, म्हणजे तिथे एक उथळ खोबण तयार होते. मग एका पायावर तोल सांभाळत दुसऱ्या पायाने विटी अलगद वर सोडायची आणि हवेत असतानाच तिला दांडू हाणायचा. पायाला जरा जास्त झटका बसला की विटी कपाळाकडे येते, कमी बसला की दांडूखाली जाते. मला वकट चांगला जमे. दोन्ही भावांपेक्षा चांगला. अकराव्या वर्षी माझे विटीदांडू बंद झाले. कुणी रागावून बंद केले नाही. एके दिवशी ‘आता पुरे’ एवढेच आजी म्हणाली, आणि ते तसेच झाले.

बावन्नाव्या वर्षी हा वकट मला पुन्हा भेटला. पुण्यात इंजिनिअरिंग शिकणारा भाचा दिवाळीला घरी आला होता. त्याने खिशातून लिंबाएवढी कापडी पिशवी काढली, पावलावर टाकली, ती तिथे चिकटल्यासारखी थांबली. मग वर उडवली, पाय तिच्याभोवती गोल फिरवला आणि पुन्हा त्याच पावलावर घेतली. “मावशी, याला फूटबॅग म्हणतात,” तो म्हणाला. मी म्हटले, “अरे, हा तर वकट.” त्याला वकट माहीत नव्हता. मला फूटबॅग माहीत नव्हती. हा लेख त्या अज्ञानांच्या देवाणघेवाणीतून निघाला आहे.

मी हे इतके मनावर का घेतले, त्याला कारण होते. त्याआधी काही महिन्यांपूर्वी आई उंबऱ्याला अडखळून पडली आणि तिच्या खुब्याचे हाड मोडले. वय एकोणऐंशी. शस्त्रक्रिया झाली, वॉकर आला. तिला व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी एकदा सहज मला म्हटले, “तुम्ही उभ्या राहा बघू एका पायावर.” मी सात सेकंद टिकले. पुढे मी शोधाशोध केली तेव्हा ब्राझीलमधल्या संशोधकांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास हाती लागला. ५१ ते ७५ या वयाच्या १,७०२ माणसांना त्यांनी दहा सेकंद एका पायावर उभे राहायला सांगितले होते आणि मग काही वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले होते. ज्यांना ते जमले नव्हते त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण वय आणि आजार हिशेबात धरूनही जास्त आढळले. एका पायावर उभे न राहता आल्याने माणूस मरतो असे त्यातून सिद्ध होत नाही, हे मी विद्यार्थ्यांना शिकवत आले आहे. तरी सात हा आकडा माझ्या मनातून गेला नाही.

योगायोग असा की, हा खेळ आजच्या रूपात जन्मला तोच एका दुखऱ्या गुडघ्यापोटी. १९७२ साली अमेरिकेच्या ऑरेगन राज्यातल्या ऑरेगन सिटी या गावी जॉन स्टॅलबर्गर नावाचा तरुण गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर पाय मोकळा करण्याचा काही उपाय शोधत होता. त्याला माइक मार्शल भेटला. मार्शलजवळ हाताने शिवलेली एक छोटी पिशवी होती, ती तो पायाने उडवत असे. दोघांनी मिळून तिला ‘हॅकी सॅक’ हे नाव दिले. मार्शल १९७५ मध्ये, ऐन तारुण्यात, हृदयविकाराने गेला. स्टॅलबर्गरने खेळ पुढे नेला आणि १९८३ मध्ये त्याचे हक्क ‘व्हॅम-ओ’ या कंपनीने घेतले. फ्रिस्बी आणि हुलाहूप घरोघरी पोचवणारी कंपनी ती हीच. पुढे खेळाच्या शाखा झाल्या. एकीत जाळी असते आणि बॅडमिंटनसारखा सामना होतो. दुसरीत नुसते मोजायचे : १९९७ मध्ये टेड मार्टिन या अमेरिकन खेळाडूने जमिनीला न लागू देता ६३,३२६ वेळा पिशवी उडवली. जवळजवळ नऊ तास. तिसरी शाखा म्हणजे फ्रीस्टाइल, आणि भाच्याने दाखवले ते हे. यात नुसती पिशवी उडवत राहणे कमी प्रतीचे समजतात. ती पायावर झेलून थांबवायची, पुन्हा सोडायची, आणि सोडण्या-झेलण्याच्या मधल्या क्षणात पायाने, अंगाने काही करायचे.

भाचा चार दिवसांनी पुण्याला गेला आणि पिशवीही घेऊन गेला. मग मी घरी शिवायला बसले. जुना मोजा, आत शाळू. आमच्या भागात रब्बीच्या ज्वारीला शाळू म्हणतात; दाणा गोल, टपोरा, एकमेकांवरून सरकणारा. पिशवी उत्तम झाली आणि जूनपर्यंत टिकली. मग साताऱ्याचा पाऊस सुरू झाला, गच्चीवरच्या ओलीत ती दोनचार दिवस पडून राहिली आणि एका सकाळी तिच्या शिवणीतून मोड बाहेर आले. साबुदाणा वापरून पाहिला. त्याचे पीठ झाले. शेवटी चपला दुरुस्त करणाऱ्या काकांकडून मऊ कातडीचे तुकडे जोडून घेतले आणि आत चाळलेली वाळू भरली. हे सगळे मी हौसेने सांगते आहे खरे, पण त्यात खेळाचे मर्म आहे. पिशवी पूर्ण भरायची नाही. सुमारे पाऊण भरली की ती पावलावर पडताना चपटी होते, दाणे एकमेकांवर घासतात, पडण्याची शक्ती तिथेच जिरते आणि पिशवी उसळत नाही. रबरी चेंडूत नेमके उलटे घडते. हा खेळ मेलेल्या चेंडूचा आहे.

मी छत्तीस वर्षे नव्हे, पण सव्वीस वर्षे सांगलीत भौतिकशास्त्र शिकवले, त्यामुळे गणित करण्याचा मोह आवरत नाही. पावलापासून एक मीटर उंच उडालेली पिशवी परत पावलावर यायला सुमारे ०.९ सेकंद लागतात. पाव मीटर उडाली तर ०.४५ सेकंद. उंची चौपट करावी तेव्हा वेळ दुप्पट मिळतो. डोळ्यांनी पाहून हालचाल सुरू व्हायलाच साधारण ०.२ सेकंद जातात, म्हणजे कमी उंचीच्या झेलीत विचार करायला सवडच नसते. पाहून पाय हलवू म्हणाल तर उशीर झालेला असतो. म्हणून नवशिका पिशवी उंच उडवतो. पण उंच उडवली की ती जोरात येते : अर्ध्या मीटरवरून पडताना पावलाशी तिचा वेग सेकंदाला ३.१ मीटर असतो, एक मीटरवरून ४.४. शिवाय जितके उंच तितकी ती बाजूला भरकटते. वेळ हवा तर वेग घ्या, वेग नको तर वेळ सोडा. शिकण्याचे पहिले दोन महिने या पेचात गेले.

त्यातून सुटका होते ती पाय खाली घेतल्याने. पिशवी पन्नास सेंटिमीटरवरून पडते आहे आणि पाऊल तिच्यासोबत दहा सेंटिमीटर खाली गेले, तर तिला थांबवण्याचा झटका गुरुत्वाकर्षणाच्या पाचपट पडतो. वीस सेंटिमीटर खाली गेले तर अडीचपट. पडण्याची उंची भागिले पाय खाली घेण्याचे अंतर, इतका सरळ हिशेब. क्रिकेटमध्ये झेल घेताना हात मागे घ्यायला शिकवतात ते हेच. हिशेब मला पहिल्या दिवशी कळला होता. माझ्या पायाला तो कळायला सात आठवडे लागले. पिशवी खाली येताना पाय तिच्या भेटीला वर जायचा, आपोआप, आणि ती उसळून गच्चीच्या कठड्याबाहेर, शेजाऱ्यांच्या तुळशीत.

मी वही ठेवली होती. रोज सकाळी वीस मिनिटे, उजव्या पावलावरचे सलग झेल किती, डाव्या पावलावरचे किती. पहिल्या दिवशी उजवा दोन, डावा शून्य. पंधरवड्याने उजवा पाच. आणि मग पाच, चार, पाच, तीन, पाच असे जवळजवळ पाच आठवडे. एखाद्या मुलाची उपस्थितीची नोंद असावी तसे. वही बंद करून ठेवावी असे मला ज्या सकाळी वाटले, त्याच सुमारास मी शिकण्याच्या मानसशास्त्रावरचे जुने लेखन वाचायला घेतले होते. एका अर्थाने त्या जुन्या लोकांनी मला वाचवले.

ब्रायन आणि हार्टर या दोन अमेरिकन संशोधकांनी १८९७ आणि १८९९ मध्ये तारायंत्र शिकणाऱ्यांच्या प्रगतीचे आलेख छापले. तारेवरचा कडकट्ट आवाज ऐकून मजकूर लिहून घेण्याचा वेग आधी वाढतो, मग कित्येक आठवडे जागचा हलत नाही आणि मग एकाएकी पुन्हा चढतो. या सपाट भागाला त्यांनी पठार म्हटले. त्यांचे म्हणणे असे की, शिकणारा आधी अक्षरे ऐकतो, मग शब्द, मग वाक्ये. एका पायरीवरून दुसरीवर जाण्याआधी खालची पायरी विचारावाचून होऊ लागावी लागते आणि तेवढा काळ बाहेरून काहीच घडताना दिसत नाही. १९०३ मध्ये एडगर स्विफ्ट याने तर माझ्या विषयाच्या फार जवळचा प्रयोग केला. एका हाताने दोन चेंडू सतत उडवत ठेवायचे, आणि रोजची मोजणी लिहायची. त्याचे आलेखही असेच उड्या मारणारे, थबकणारे, मागे घसरणारे. पठार खरेच सर्वत्र असते का, यावर नंतरच्या शतकभरात मानसशास्त्रज्ञ पुष्कळ भांडले आहेत. मला त्या भांडणात पडायचे नाही. कास पठारावर उन्हाळ्यात गेलेल्या माणसाला तिथे फुले असतात हे सांगून पटत नाही, एवढेच म्हणते.

सहाव्या आठवड्यात पाचावरून अकरा झाले. आदल्या दिवशी मी सराव केलाच नव्हता.

मेंदूत या काळात काय घडते याचा एक गाजलेला पुरावा २००४ साली ‘नेचर’ या नियतकालिकात आला. जर्मनीतल्या संशोधकांनी काही तरुणांना तीन महिने तीन चेंडूंची उडवाउडवी शिकवली आणि आधी व नंतर त्यांच्या मेंदूचे स्कॅन घेतले. हलत्या वस्तूचा माग ठेवणाऱ्या भागातला करडा थर जाडावला होता. सराव सोडून तीन महिने गेल्यावर तो पुन्हा बराचसा उतरला. मला जास्त रस होता तो त्याच गटाने २००८ मध्ये साठीच्या आसपासच्या लोकांवर केलेल्या प्रयोगात. तिथेही मेंदूत बदल दिसले, पण पुरा मिनिटभर चेंडू चालते ठेवणे तरुणांच्या मानाने फारच थोड्यांना जमले. म्हणजे दार बंद झालेले नसते. जड झालेले असते.

इथे आईचा भाग येतो. ती पलंगावरून माझा सराव पाहायची, गच्चीचे दार उघडे ठेवून. एकदा म्हणाली, “अगं, तू पिशवीकडे बघतेस कशाला? ती कुठं जाते तिथं बघ.” मला वाटले वयाने बोलते आहे. मग तिने कपाटातून सागरगोटे आणायला सांगितले. तिच्या लग्नाआधीचे आहेत ते, पाच, करड्या रंगाचे, हाताळून काचेसारखे झालेले. काटेरी वेलीच्या शेंगेतले हे बी. दगडावर घासले की इतके तापते की आम्ही ते एकमेकींच्या दंडाला लावून चटके देत असू. आईने मांडीवर ताट घेतले, चार गोटे त्यात पसरले, पाचवा उडवला, एक उचलला, पाचवा झेलला. मग दोन-दोन. मग एकदम चारही. तिची नजर एकदाही हाताकडे गेली नाही, ताटाकडेही फारशी नाही. ती उडवलेल्या गोट्याच्या सर्वांत उंच टोकाकडे होती आणि गोटा त्या टोकाला पोचला की तिथून निघून जाई. पुढे तो कुठे पडणार हे तिला कळलेले असे. वस्तू शिखरावर जवळजवळ थांबते, म्हणून तिथे तिची जागा नीट दिसते. आणि शिखर कळले की उतरण ठरलेली असते. हे वाक्य मी सव्वीस वर्षे फळ्यावर समीकरणात लिहिले. आईने ते सातवी झाल्यावर शाळा सोडून ओसरीवर बसून मिळवले होते.

एकोणऐंशीव्या वर्षी, दोन वर्षे हातात न धरलेले गोटे, आणि तिसऱ्या फेरीला तिचा हात बसला. पाय मात्र चार पावले टाकायला तयार नव्हते. हात जन्मभर काही ना काही उचलत, फेकत, झेलत, निवडत राहिले होते. पायांना चाळीसेक वर्षांत चालण्याखेरीज काम दिले गेले नव्हते. तिच्या तरुणपणी फुगडी होती, झिम्मा होता, मंगळागौरीला रात्रभर पाय वाजत. पण तेही नव्या नवऱ्या असतानाचे, पाच वर्षांचे. उद्यापन झाले की पायांचेही उद्यापन.

पावलावरचा झेल बसल्यावर शिकण्याचा रीतसर क्रम असा : पावलाची आतली कड, मग बाहेरची कड, आणि मग क्लिपर. क्लिपर हा फ्रीस्टाइलचा खरा उंबरठा. एका पायावर उभे राहायचे, दुसरा पाय गुडघ्यात वाकवून उभ्या पायाच्या मागून पलीकडे काढायचा आणि त्याच्या आतल्या कडेवर पिशवी झेलायची. बासरी वाजवणाऱ्या कृष्णाच्या देहुड्या पायांची कल्पना करा, फक्त वाकडा पाय पुढून जाण्याऐवजी मागून जातो. झेलताना पिशवी दिसते न दिसते, तोल एकाच घोट्यावर असतो आणि खुब्यातून पाय बाहेर उघडावा लागतो. आपल्याकडे मांडी घालून बसायची सवय असलेल्याला हा खुबा उघडणे सोपे जाते, असा माझा अनुभव. भाच्याच्या पुण्यातल्या मित्रांना तिथे दुखले. मला तिथे दुखले नाही, तोल मात्र महिनाभर गेला.

मग वळसे. पिशवी हवेत असताना पाय तिच्याभोवती फिरवायचा. पावलावरून सोडून त्याच पायाचा पूर्ण फेरा मारून पुन्हा त्याच पावलावर घेणे, याला खेळाडू ‘अराउंड द वर्ल्ड’ म्हणतात; आईने त्याला पहिल्याच दिवशी प्रदक्षिणा म्हटले आणि आमच्या घरात तेच नाव चालते. एका पायाचा वळसा घालून दुसऱ्या पावलावर झेलली की ‘मिराज’. वळसा आणि क्लिपर एकत्र झाले की ‘बटरफ्लाय’. नावे शेकडो आहेत, पण त्यांच्यामागची रचना सुटसुटीत आहे आणि मला ती फार आवडते. पावलावरच्या साध्या झेलीला एक गुण. त्यात वळसा मिळवला की आणखी एक, पाय पाठीमागून आडवा गेला की आणखी एक, अंगाची गिरकी घेतली की आणखी एक. म्हणून प्रदक्षिणा दोनाची, मिराज दोनाचा, क्लिपर दोनाचा, बटरफ्लाय तिनाचा. धातूला प्रत्यय लागावेत तसे घटक जोडत जायचे. चेक प्रजासत्ताकाचा वात्स्लाव क्लोउडा, अनेकदा जगज्जेता झालेला, एकामागून एक चार-पाच गुणांच्या चाली जमिनीला न टेकवता गुंफतो तेव्हा ते पाहणे म्हणजे लांब समास एका दमात उलगडताना ऐकणे. मी दोनांतच आहे.

सराव कसा करावा यावर मला तालमीतल्या मुलांकडून जास्त शिकायला मिळाले. सांगलीत माझ्या वर्गात कुस्ती करणारी मुले असत. पहिल्या तासाला डुलक्या घेणारी, कारण पहाटे चारला उठलेली. ती दोन वेगळे शब्द वापरत. ‘मेहनत’ म्हणजे जोर, बैठका. एकच गोष्ट, हजारदा. ‘लढत’ म्हणजे जोडीदाराबरोबर तांबड्या मातीत, पुढचा डाव कोणता येईल हे माहीत नसताना. वस्ताद दोन्ही घेत आणि एकाने दुसऱ्याचे काम भागत नाही असे मुलांना पक्के ठाऊक असे. १९७९ मध्ये शिआ आणि मॉर्गन या संशोधकांनी प्रयोगशाळेत हेच दाखवले. हाताच्या काही हालचाली एका गटाला एकेक करून, घोटून शिकवल्या आणि दुसऱ्या गटाला सरमिसळ करून. सरावाच्या वेळी घोटणारा गट पुढे होता. काही दिवसांनी पुन्हा तपासले तेव्हा सरमिसळवाल्यांच्या जास्त लक्षात राहिले होते. मी तोवर नुसती मेहनत करत होते. वीसदा उजवे पाऊल, वीसदा डावे. आठ महिन्यांनी लढत सुरू केली : उजवे, क्लिपर, डावी आतली कड, जे सुचेल ते. वहीतले आकडे लाजिरवाणे घसरले. दोन महिन्यांनी ते परतले आणि मग त्यांनी मागे पाहिले नाही, असे म्हणायचा मोह होतो. पण पाहिले, अनेकदा पाहिले.

जगात माणसांनी पायाने काही ना काही हवेत ठेवण्याचे खेळ फार पूर्वीपासून खेळले आहेत. जपानात केमारी : हरणाच्या कातड्याचा चेंडू, दरबारी पोशाखातले लोक, अंगणाच्या चार कोपऱ्यांत चेरी, विलो, मेपल आणि पाइन यांची झाडे, आणि कुणी कुणाला हरवायचे नाही, फक्त चेंडू पडू द्यायचा नाही. म्यानमारात चिनलोन : सहा माणसांचे कडे, वेताचा विणलेला चेंडू, मध्ये एकजण नाचल्यासारखा खेळणारा. चीनमध्ये पिसे लावलेली चकती. वेताच्याच चेंडूचा सेपाक टकरा मात्र जाळीवरून हरण्या-जिंकण्याचा. त्याचा भारतीय महासंघ १९८२ मध्ये स्थापन झाला, मुख्यालय आपल्या नागपुरात, आणि २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत भारताच्या पुरुष संघाने त्यात कांस्यपदक आणले. आपल्याकडे मराठी मुलखात पायाने झेलण्याचा स्वतंत्र खेळ मला सापडला नाही. सापडला तो वकट, तोही दुसऱ्या खेळाच्या पोटात दडलेला, एका टोल्यापुरता. विटी पावलावर थांबते, तो क्षण आपल्याकडे तयारीचा आहे. फ्रीस्टाइलवाल्यांनी त्या क्षणाचाच खेळ केला.

एक-दोन गोष्टी नवशिक्यांसाठी, कारण मला त्या कुणी सांगितल्या नाहीत. अनवाणी सुरुवात करू नका, चपलेने तर नकोच. रुंद बोटांचे, सपाट कॅनव्हासचे बूट घ्या आणि नाडी पहिल्या दोन भोकांत ओवूच नका, म्हणजे बोटांपाशी खोबण होते. उतारावर खेळू नका. मी एकदा मोठ्या उत्साहाने पहाटे चार भिंतींवर गेले, खाली सगळे सातारा, समोर यवतेश्वर, मन अगदी प्रसन्न. तिसऱ्या झेलीला पिशवी सुटली ती अजिंक्यताऱ्याच्या त्या उतारावरून झुडपांत गेली. फिरायला आलेले दोन गृहस्थ थांबून माझ्याबरोबर शोधू लागले. “काय पडलं?” त्यांनी विचारले. बावन्न वर्षांच्या बाईने, वाळूची पिशवी, पायाने खेळत होते, हे सांगण्याऐवजी मी “किल्ली” म्हणाले. पिशवी सापडली त्यांनाच. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि काही न विचारता माझ्या हातात दिली. तेव्हापासून मी ती गोष्ट खरी सांगते, आणि शाहू क्रीडा संकुलाच्या कडेला सकाळी खुशाल खेळते. दोन शाळकरी मुली रोज थांबतात. एकीचा डावा पाय माझ्या उजव्यापेक्षा चांगला आहे.

एका पायावर मी आता पन्नास सेकंद उभी राहते, डोळे मिटून अकरा. आईचा वॉकर गेला, काठी आली. व्यायामवाल्या बाईंच्या परवानगीने ती खुर्चीत बसून पावलावर पिशवी ठेवते, बोटे वर करते आणि मोजते. पिशवी उडवायची नाही असे बजावले आहे. मागच्या आठवड्यात मी चहा घेऊन गच्चीवर गेले तर पिशवी दाराजवळ पडलेली, खुर्चीपासून चांगली सहा हातांवर. मी विचारले. ती म्हणाली, “वकट होता.”